घेणाऱ्याने डोलकाठी बघू नये

विकायला काढलेल्या बोटीवर सर चहा घ्यायचे नाहीत. पाणी प्यायचे, तेही स्वतःच्या बाटलीतलं. बोटीचा मालक थर्मास उघडायचा, बिस्किटांचा पुडा पुढे करायचा, "असं कसं कॅप्टन" म्हणायचा. सर हात जोडून म्हणायचे, "उतरल्यावर." आणि उतरल्यावर सरळ रस्त्याला लागायचे. एकदा मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "चहा पिला का भेग दिसत नाय, बाय. समोरचा मानूस चांगला वाटाया लागतो."

ते जुन्या शिडाच्या बोटी तपासायचे. कुणाला अशी बोट विकत घ्यायची असली की आधी सर जाऊन ती बघायचे आणि तिच्यात काय काय बिघडलं आहे ते लिहून द्यायचे. बोटीचा तळ, सुकाणू, इंजिन, सगळंच ते बघायचे. पण लग्नात पाहुणा मंडप बघतो, जेवणाची पंगत बघतो आणि शेवटी विचारतो की नवरी कुठे आहे, तसं त्यांचं खरं लक्ष डोलकाठीकडे असायचं. "तळाला भोक पडलं तर होडी सावकाश बुडते, मानूस पवून तरी येतो," ते म्हणायचे. "काठी पडली तर ती डोक्यावरच पडते. दुसरीकडं पडाया जागाच नसते."

त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे आणि दर वेळी ते दुरुस्त करायचे. "कॅप्टन नाय. चीफ ऑफिसर. कॅप्टनच्या खालचा, कामाचा." मालवाहू जहाजांवर आयुष्य काढून ते परत आले होते. त्यांचं मूळ गाव खाडीकाठचं. ते आता नव्या शहराच्या एका सेक्टरच्या पोटात आहे, रिक्षावाल्यांना सेक्टरचा आकडा सांगावा लागतो. जगभरच्या बंदरांतलं इंग्रजी त्यांना येत होतं, पण लिहायला बसले की वाक्य पोस्टाच्या तारेसारखं तुटक व्हायचं. बोलताना मात्र ते गावचंच बोलायचे, समोर कोणीही असो.

त्या तुटक इंग्रजीसाठीच त्यांना मी हवी होते. मी इंग्लिश मीडियमची, बी.कॉम. झालेली, आणि मुलाखतींना जाऊन जाऊन थकलेली. मुलाखतीत माझा आवाज बाहेर येत नाही. सरांचं ऑफिस वाशीत होतं, एका जुन्या शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, क्लासेस आणि दाताच्या कवळ्या बनवणाऱ्या दुकानाच्या मध्ये. मी समोर बसले. त्यांनी माझी फाइल उघडलीही नाही.

"वजन किती?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वजन गो, तुझं वजन."

मी सांगितलं. अपमान झाल्यासारखं वाटलं, पण उठून जायलाही धीर लागतो.

"उंचीची भीती वाटते?"

मला माणसांची भीती जास्त वाटते, हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "नाही."

"सोमवारपासून ये. चपला रबराच्या घाल."

सोमवारी कळलं की रिपोर्ट लिहिणं हे अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे जाड कापडाच्या एका झोळीत बसून डोलकाठीच्या टोकापर्यंत ओढलं जाणं. सरांचे गुडघे गेले होते, आणि डोळे जवळचं नीट दाखवत नव्हते. बोटी ठेवायच्या यार्डातली दोन माणसं मला दोराने वर ओढायची. दुसरा एक दोर माझ्या कमरेला बांधलेला असायचा, तो निसटलं-बिसटलं तर सांभाळायला. तो दोर सर दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. आई कोपरखैरण्यात शेजारणींना सांगायची की मुलगी वाशीला ऑफिसात आहे. ते खोटं नव्हतं.

वर मला आवडायचं. खाली खारफुटीचा हिरवा पट्टा, खाडीचं मातकट पाणी, आणि माझ्याशी बोलायला कोणी नाही.

पण वर जाण्याआधी खाली बरंच काही व्हायचं. जेटीवर पोचल्यावर सर बोटीकडे जायचेच नाहीत. मालक हात हलवत असायचा आणि सर उलट दिशेला चालत सुटायचे. लांब कुठेतरी अशा जागी उभे राहायचे, की डोलकाठीच्या बरोबर मागे एखाद्या टॉवरची कड येईल. एक डोळा मिटून काठी त्या कडेला लावून बघायचे. काठीला पुढे-मागे थोडा बाक मुद्दाम दिलेला असतो. बाजूला कल असला तर मात्र काहीतरी घडून गेलेलं असतं. मी एकदा विचारलं, टॉवरच वाकडा असला तर?

"बिल्डर सगळं चोरंल, पन कड सरळ ठेवील. गिऱ्हाइकाला तेवढीच दिसते."

मग बोटीवर चढून ते बूट-मोजे काढायचे आणि डोलकाठीच्या बुंध्याभोवती अनवाणी फिरायचे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे, डोळे मिटून. तिथली जमीन किंचित खचली असेल तर ती पायाला कळते, डोळ्याला नाही. मग खाली उतरून संडासाचं दार उघडायचे आणि लावायचे. पुन्हा उघडायचे, पुन्हा लावायचे. मालक गोंधळायचे. एक जण म्हणाला, "कॅप्टन, लागली असेल तर जा ना, संकोच कसला." पण डोलकाठीचा भार खाली बसत गेला की छत दबतं, आणि पहिलं कुरकुरतं ते आतलं दार. चौकट वाकलेली असते म्हणून ते अडकतं. मालक दर वेळी म्हणायचा, पावसाने फुगलंय. सर म्हणायचे, "हं." त्यांचा 'हं' ऐकला की मी ओळखायचे, आज रिपोर्ट लांबणार.

शेवटी कापूस. मेडिकलमध्ये मिळते ती साधी गुंडाळी. डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा असतात, बारीक तारा पिळून केलेल्या. त्यातली एखादी तुटली तर तिचं टोक केसाएवढं बाहेर येतं आणि दिसत नाही. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तिथे पांढरा धागा अडकून राहतो. सर खालून फिरवायचे, मी वरून. वारा असला की ते धागे फडफडायचे, आणि मालक त्यांच्याकडे बघत नसल्यासारखं करायचा.

विकणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. ते फक्त त्यांना प्रश्न उलटे विचारायचे. खारघरचे एक दाताचे डॉक्टर होते. बोट देखणी, डॉक्टर हसतमुख. काठीला कधी काही लागलं का, असं मी फॉर्मात लिहिण्यापुरतं विचारलं तर म्हणाले, "छे, टचसुद्धा नाही." मला वर ओढलं. काठीच्या टोकावरच्या टोपणाची पुढची कड चपटी झाली होती. खाली येऊन मी सरांच्या कानात तेवढंच सांगितलं. सर डॉक्टरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, दोघं मिळून पाण्याकडे बघायला लागले, आणि सर अगदी प्रेमाने म्हणाले, "कोनच्या पुलाखाली?"

डॉक्टर पाण्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "भरती होती हो."

"असनारच. वहोटीला सगळेच जातात."

नंतर डॉक्टर मोकळे झाले. सगळी हकीकत सांगितली, बायको कशी ओरडली तेही. सर म्हणाले, "डॉक्टर, तुमी दात बघता, मी काठी बघतो. पेशंट पयल्यांदा खरं सांगतो काय?" डॉक्टर म्हणाले, "कधीच नाही. सगळे म्हणतात रोज दोन वेळा ब्रश करतो."

ही नजर ऑफिस सुटल्यावर बंद व्हायची नाही. एका लग्नात ते जेवायला बसले आणि ताट समोर आल्यावरही मंडपाच्या मधल्या खांबाकडे बघत राहिले. मग उठले, आणि एकेका पाहुण्याला नम्रपणे विनंती करून अख्खी पंगत दोन हात सरकवली. खांब पडला नाही. मुलीकडचे लोक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, असं काकी सांगायच्या.

काकी म्हणजे त्यांची बायको. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी सरांचा नियम सांगायला हवा. ऑफिसात तो कुठे लिहिलेला नव्हता, पण त्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही. घेणाऱ्याने डोलकाठी बघू नये. बोट विकत घेणारा माणूस सोबत आला असेल तर सर त्याला जेटीच्या टोकाला पाठवायचे. कोणी हट्टाने काठीला हात लावला तर काम थांबवायचे. "घेनारा बगत नसतो," ते म्हणायचे. "तो कवाच सुटलेला असतो. आपन इथं भेग शोधतो, तो अलिबागला पोचून मासे तळतो. त्याला भेग दावली तरी तो म्हननार, रंगाची असंल." मी असे किती तरी लोक पाहिले. शिकलेले, हिशेबी, हाताखाली माणसं असलेले. सगळे म्हणायचे, रंगाची असेल.

हा नियम त्यांनी लग्नालाही लावला होता. मुलगी बघायला ते गेलेच नाहीत, बहिणीला पाठवलं. "घेनारा मी, मी कशाला बगू?" असं आईला सांगितलं. हे सांगताना सर गंभीर असायचे. काकी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "हे नाय आले. मी गेलेली बगाया. जेटीवर, मैत्रिणीला घेऊन. हे दोरीला गाठ मारत व्हते. गाठ बरी मारली, म्हटलं चालंल."

"मंग तू नियम मोडला."

"मी मोडला म्हनून टिकलं. तुमची बहीन मला आंधळी समजून आलेली."

काकींना समुद्र आवडत नव्हता. नवरा जहाजावर असताना त्या जेवायला बसताना खाडीकडे पाठ करायच्या. घर बदललं, खिडक्या बदलल्या, ती सवय राहिली.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर बेलापूरच्या बाजूला एक बोट विकायला निघाली. मालक मुलाकडे कॅनडाला चालले होते. पांढरी, निळ्या पट्ट्याची, दोन माणसांना सहज चालवता येईल एवढी. फोटो व्हॉट्सॲपवर आले. फोटोत भेग नसते, असं सर नेहमी म्हणायचे आणि न बघता फोन मला द्यायचे. या वेळी फोन माझ्याकडे आला नाही. जेवणाच्या सुट्टीत ते दोन बोटांनी फोटो मोठा करत बसलेले दिसायचे. एके दिवशी कापसाच्या गुंडाळीबरोबर नवा दोर घेऊन आले, चांगला, जाड. ऑफिसला दोराची गरज नव्हती.

दोन-तीन दिवसांनी भिंतीकडे बघत म्हणाले, "ती बेलापूरची. घेनारा मीच हाय."

मी मान हलवली.

"म्हनजे मी बगनार नाय. तू बगायची. सगळंच, काठी धरून."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी त्यांनी नाकारल्या होत्या. स्वतःची कधीच नव्हती. जहाजं कंपनीची असायची, होड्या मालकांच्या. आता वय असं होतं की ही नाही घेतली तर पुढची बघायची शक्यता नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही. नवा दोर टेबलाखाली पडलेला असायचा, तेवढंच.

आदल्या दिवशी काकींनी मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सर बाहेर गेले होते. काकी माझ्यासमोर बसल्या, खिडकीकडे पाठ करून.

"उद्या तू जानार ना वर?"

"हो."

"काहीतरी खोट काढ गो. कसली पन. तुझं ते ऐकतील." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "समुद्रानं घेतला तेवढा घेतला. आता गुडघे नायत, डोळे नायत, आनि हे एकटे शीड वडनार. तूच सांग."

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं लोक होकार समजतात, ही माझी जुनी अडचण आहे. काकींनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी यार्डात पोचलो. सर टॉवरची कड शोधायला लांब गेले नाहीत, सरळ बोटीकडे गेले. बूट काढले नाहीत. मालकांनी थर्मास उघडला, आणि सरांनी कप घेतला.

मी कड शोधायला एकटी लांब गेले. काठी सरळ होती, निदान मला तरी वाटली. परत येऊन चपला काढून बुंध्याभोवती फिरले. पायाला काही विशेष कळलं नाही, माझे पाय अजून तितके तयार नव्हते. आतलं दार मी उघडलं आणि लावायला गेले, तर ते वरच्या कोपऱ्यात अडकलं. सर जिन्यावर उभे होते, हातात कप.

"पावसानं फुगलंय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं असावं, कारण ते लगेच वर निघून गेले.

मला ओढलं. कमरेचा दोर सरांनी धरला होता, कप खाली ठेवून. कापूस कुठेच अडकला नाही. तारा चांगल्या होत्या, खूपच चांगल्या. डोलकाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आडवे हात निघालेले असतात, ज्यांच्यावरून तारा ताणलेल्या असतात. डावा हात ठीक होता. उजव्या हाताच्या मुळाशी रंग बाकीच्या रंगापेक्षा जरा चकाकत होता. मी झोळीतल्या टूथब्रशने पुसलं. एक रेघ होती. नख आडवं ओढून बघायचं हे सरांनीच शिकवलं होतं. वरवरच्या ओरखड्यावरून नख घसरतं, भेगेत उतरतं. माझं नख उतरलं. दुसऱ्या बाजूने ओढलं, पुन्हा उतरलं. कडेला थोडी पांढरी भुकटी होती, काठीचं ॲल्युमिनियम आतून खाल्लं गेलं की सुटते ती. मी खाली बघितलं. सरांचं टक्कल आणि त्यांच्या हातातून माझ्यापर्यंत येणारा दोर, एवढंच दिसत होतं.

वरून काही ओरडायचं नाही, ही आमची पद्धत. मी खाली आले. मालक फोनवर बोलत थोडे बाजूला गेले होते.

"बोल," सर म्हणाले.

"उजव्या हाताच्या मुळाशी भेग आहे, सर. वरून नवा रंग मारलाय."

"रंगाची असंल."

"नख उतरतं."

"किती?"

मी तर्जनीच्या एका पेरावर अंगठा ठेवून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग हळू आवाजात, मालकांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "काकीनं सांगितलेलं तुला? खोट काढ म्हनून?"

खोटं बोलायला मला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नव्हता. "हो."

"मंग?"

"काकींनी सांगितलं होतं. आणि भेग पण आहे."

यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. पटवून देणं मला जमत नाही. दुसरी कोणी असती तर तिने शपथ घेतली असती, फोटो काढले असते. माझा फोन खाली पिशवीत होता. वर फोन न्यायचा नाही, हाही त्यांचाच नियम.

मालक परत आले. आमच्या तोंडांवरून त्यांना समजलं असावं. "काही आहे का? अहो कॅप्टन, तुम्हीच बघा ना एकदा वर जाऊन. ही पोरगी नवीन आहे."

झोळी खालीच होती. ओढणारी माणसं उभी होती. सरांनी झोळीवर हात ठेवला, आणि मान वर करून त्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. तिथून त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. गुडघे गेले असले तरी एकदा झोळीत बसण्यापुरते ते चालले असते. आणि त्यांचं नख काही माझ्या नखापेक्षा वेगळं नव्हतं. वर जाऊन ते म्हणाले असते, रंगाची आहे, तर मीसुद्धा मान हलवली असती.

"पाहिजे तर पट्टी मारून देतो तिथे," मालक म्हणाले.

"पट्टी मारली का भेग पट्टीच्या बाजूनं निघते."

"मग काठी बदला. बोट तर चांगली आहे ना?"

"तेवढ्या पैशात दुसरी होडी येते." सरांनी झोळीचा हूक काढला, तिची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "नको. राहू द्या."

"विचार करा, कॅप्टन."

त्या दिवशी त्यांनी 'चीफ ऑफिसर' म्हणून दुरुस्त केलं नाही.

आम्ही रिक्षाने परतलो. वाशीला उतरताना एवढंच म्हणाले, "नख दोन बाजूंनी वडलं?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले आणि जिना चढायला लागले, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

संध्याकाळी काकींचा फोन आला. "हुशार हायेस गो पोरी. एवढी साधी दिसतेस."

"काकी, भेग खरंच होती."

"असू दे, असू दे. मी काय कोनाला बोलनार नाय."

"खरंच होती."

"व्हय गो, व्हती," त्या हसून म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी ऑफिसात वाल घातलेली कोलंबी आली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

बोट नेरुळच्या काही तरुण मुलामुलींनी मिळून घेतली. सर त्यांना भेटायला स्वतः गेले. मी बरोबर होते. त्यांनी भेगेची जागा सांगितली, माझं बोट धरून लांबी दाखवली. मुलं सभ्य होती, ऐकून घेतलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, आम्ही चेक करून घेतलीय दुसऱ्यांकडून. ओके आहे म्हणाले." मग हसून, "तुम्हाला हवी होती ना ती?" यार्डात कोणीतरी सांगितलं असणार. सर म्हणाले, "व्हय, पायजे व्हती." आणि पुन्हा पहिल्यापासून भेगेची जागा सांगितली. मुलं एकमेकांकडे बघत होती.

डोलकाठी पडली नाही. तो हंगाम गेला, पुढचा आला. बोट दर रविवारी सकाळी बाहेर पडायची आणि व्यवस्थित परत यायची. यार्डातली माणसं मला चिडवायची. "काय मॅडम, तुमची भेग बुजली वाटतं?" मी हसायचे. पण मलाही नंतर नंतर नक्की सांगता येईना. नख उतरलं होतं हे आठवायचं, पण किती उतरलं होतं? जुन्या रंगाच्या दोन थरांमध्येही नख उतरू शकतं. ती भुकटी मिठाची असू शकते. काकींची भाकरी माझ्या पोटात होती, तिने माझं नख जड केलं नसेल कशावरून? मी ज्या गोष्टीसाठी एका माणसाची एकमेव बोट घालवली, ती गोष्ट फक्त मी पाहिली होती, आणि माझ्यावर माझाच पूर्ण विश्वास राहिला नव्हता.

नंतर सरांनी ऑफिस बंद केलं. मी ऐरोलीला एका विमा कंपनीत लागले. तिथे मुलाखतीत कोणी वजन विचारलं नाही. आवाज मात्र त्या वेळी बाहेर आला.

मागच्या थंडीत एका रविवारी मी खाडीकाठच्या रस्त्याला गेले होते. बाकावर सर आणि काकी बसलेले होते. काकी पाण्याकडे पाठ करून, बाकावर उलट्या बसल्या होत्या आणि शेंगा सोलत होत्या. सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. काकींनी मला जवळ ओढून बसवलं आणि कानात म्हणाल्या, "बग, अजून ह्यांचा जीव हाय तिच्यात. दर रविवारी येऊन बसतात. बरं झालं ना आपन तेव्हा खोट काढली." आणि माझ्या हातात मूठभर शेंगा दिल्या.

निळ्या पट्ट्याची बोट वाऱ्यावर कलून चालली होती. सुंदर चालली होती. मी सरांच्या बाजूला सरकले आणि जे दोन वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सर, मी चुकले असेन असं कधी वाटतं का?"

त्यांनी दुर्बीण खाली केली नाही. "वाटतं ना. दर रविवारी वाटतं."

मी एक शेंग सोलली.

"तू चुकली असशील तर ती होडी माझी व्हती," ते म्हणाले. "आनि चुकली नसशील तर वर पोरं हायेत. दोनी गोष्टींसाठी बगाया लागतं. म्हनून येतो."

बोट वळसा घालून परत आली. शीड उतरलं, दोर बांधले गेले, मुलं एकेक करून जेटीवर उतरायला लागली. काकी पदर झटकत उठल्या. "चला आता, ऊन चढलं."

"थांब," सर म्हणाले. "एक जन उतरायचा हाय अजून."